तापीचा उतार, रोमची चैन

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. गायी, सोनं आणि गावं दान केल्याच्या यादीत अगदी व्यवहारातली एक नोंद येते. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर त्यानं वाटसरूंसाठी फुकट नावा ठेवल्या. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथं मुक्कामाला जागा बांधल्या. भरुकच्छ म्हणजे आजचं भरूच, शूर्पारक म्हणजे सोपारा. यादीतल्या बहुतेक नद्या किनाऱ्यालगतच्या असल्यामुळे तापीवरची ती नाव मुखाकडच्या अंगाला असणार. पण सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या एका सत्ताधाऱ्याला नदी ओलांडण्याची सोय हे पुण्यकर्म वाटावं, इतकी वर्दळ या मुलखात होती, हे त्या एका ओळीतून कळतं.

त्या वर्दळीत रोमन साम्राज्यातून आलेला चैनीचा माल होता: चांदीची भांडी, इटलीची दारू, पोवळं, उंची अत्तरं. हा माल भरूचला उतरे आणि त्यातला काही घाट चढून पैठणला, पुढे तेरला जाई. भरूच आणि पैठण यांच्या मध्ये खानदेश पसरलेला आहे. जगाच्या इतिहासात रोमचे सीमाप्रांत म्हटले की ब्रिटन, ऱ्हाइनचा काठ, डॅन्यूबचा काठ यांची नावं येतात. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांचं नाव त्या ओघात कुणी घेत नाही, आणि ते बरोबरही आहे, कारण रोमची सत्ता इथं कधीच नव्हती. तरीही रोमची घरगुती चैन त्या सत्तेबाहेर कशी वागली, हे पाहायचं तर तापी-गिरणेचा हा पट्टा पाहावा लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे की, जिथं वस्तू सैन्याच्या मागून येते तिथं ती माणसांना बदलते आणि जिथं ती बैलगाडीतून, मोल मोजून येते तिथं माणसं तिला बदलतात. खानदेशाची वाट दुसऱ्या प्रकारची होती.

भरूचच्या धक्क्यावर

या व्यापाराचा सर्वांत थेट साक्षीदार म्हणजे ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे छोटं ग्रीक पुस्तक. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास इजिप्तमधल्या एका अनाम ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं ते लिहिलं. त्यात साहित्याचा डौल नाही. कुठल्या बंदरात काय खपतं, काय मिळतं आणि धोका कुठं आहे, एवढंच तो सांगतो. भरूचला तो ‘बारीगाझा’ म्हणतो.

भरूचला खपणाऱ्या मालाची त्याची यादी कोणत्याही पेढीच्या वहीत शोभावी अशी नेमकी आहे. दारू आणायची तर इटलीची, तिला मागणी जास्त. त्याखालोखाल लाओडिशियाची आणि अरबस्तानची. तांबं, कथील, शिसं. पोवळं. तलम कापड आणि हातभर रुंदीचे रंगीत पट्टे. कच्ची काच, मनशीळ, सुरमा. सोन्याचांदीची नाणी, जी इथल्या नाण्यांत बदलून घेतली की वर नफा सुटतो. राजासाठीची यादी मात्र वेगळी आहे: महागडी चांदीची भांडी, गाणारी मुलं, जनानखान्यासाठी सुंदर मुली, उंची दारू, भारी कापड, उत्तमातली उत्तम सुगंधी तेलं.

या यादीत माणसं आणि भांडी एकाच ओळीत बसली आहेत, हे वाचताना थांबावंच लागतं. ज्या चैनीच्या वस्तूंकडे आपण संग्रहालयाच्या काचेतून कौतुकानं पाहतो, त्यांच्याच जहाजातून विकलेली मुलं येत होती. दरबाराची हौस भागवण्याची ती किंमत होती आणि ती त्या मुलांनी मोजली.

ज्या राजासाठी हे सगळं येत होतं, तो नहपानच असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचा मुखवटा आहे आणि ग्रीक लिपीतली अक्षरं आहेत. रोमन नाण्यांचा ठसा त्यावर उघड दिसतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला अशा तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपलं चिन्ह पुन्हा ठोकलं होतं. रोमन चांदी वितळवून ही नाणी पाडली गेली असावीत, असंही सुचवलं गेलं आहे. परदेशी पद्धतीच्या चेहऱ्यावर सातवाहनाचा ठसा बसला आणि तेच नाणं बाजारात चालत राहिलं.

वीस दिवसांची वाट

पेरिप्लसचा लेखक पुढं सांगतो की, भरूचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या प्रवासावर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. या गावांचा माल गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मोठमोठ्या प्रदेशांतून भरूचला येतो. पैठणहून अकीक आणि तेरहून साधं कापड व नाना तऱ्हेची मलमल.

आजच्या रस्त्यानं भरूच, सुरत, धुळे, चाळीसगाव, कन्नड घाट, पैठण असं अंतर साधारण ५०० किलोमीटर भरतं. वीस दिवसांना भागलं तर रोजचे पंचवीस. चांगल्या बैलांना आणि कोरड्या ऋतूला ते झेपणारं आहे. पावसाळ्यात खानदेशची काळी जमीन गाडीची चाकं धरून ठेवते; ती वाट दिवाळीनंतरच मोकळी होत असणार. जहाजंही नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या शेवटी भरूचला पोचत आणि हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर परत निघत. समुद्राचं वेळापत्रक आणि काळ्या मातीचं वेळापत्रक असं जुळलेलं होतं.

भूगोलानं ही वाट आखून दिली आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर आणि मधोमध पश्चिमेकडे वाहणारी तापी. पुढं ताप्ती व्हॅली रेल्वेनं आणि सुरत-धुळे महामार्गानं हाच पट्टा धरला. दक्षिणेचा डोंगर ओलांडायचा तर चाळीसगावच्या अंगाला घाट आहे. २०२३पर्यंत त्या घाटात ट्रकांच्या रांगा लागत.

या वाटेवरची जुनी गावं पुरातत्त्वज्ञांच्या ओळखीची आहेत. तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशा आहे. आज ते नंदुरबार जिल्ह्यात असलं, तरी १९९८पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. दक्षिण काशी म्हणून तिथं यात्रेकरूंची रीघ असते. १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी तिथल्या टेकाडात उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे थर एकावर एक मिळाले आणि त्यांतला तिसरा कालखंड सातवाहनांच्या काळाला भिडतो. गिरणेच्या काठी चाळीसगाव तालुक्यात बहाळ आहे. तिथं म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ आणि १९५६-५७ मध्ये उत्खनन केलं. तिथंही तसाच लांबलचक क्रम मिळाला.

देशपांड्यांनीच पुढं चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीतल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांतला ढिगारा उपसला. हे ठिकाण कन्नड तालुक्यात येतं, पण खानदेशातून घाट चढणाऱ्याला ते अगदी वाटेवरचं. इथल्या खांबांवर दात्यांची नावं आहेत. पैठणच्या गांधिक कुळातला, म्हणजे अत्तर-सुगंधाच्या व्यापाऱ्यांतला, मितदेव. राजवैद्य मगिल आणि त्याची मुलगी दत्ता. ढिगाऱ्यातून मिळालेल्या एका यक्षाच्या मूर्तीच्या हातावर लिहिलं आहे की ती कण्हदास या सोनारानं घडवली. मालाच्या वाटेवर कोण राबत होतं आणि कुणाच्या हाती पैसा येत होता, याची ही नोंद पेरिप्लसहून जवळची आहे. भरूचला उतरणारी सुगंधी द्रव्यं ज्या धंद्यात जात, त्याच धंद्यातल्या पैठणच्या गांधिकानं मधल्या घाटात दगडात आपलं नाव ठेवलं.

कोल्हापूरचा पोसायडन

हा माल प्रत्यक्ष कसा दिसत होता, हे पाहायचं तर कोल्हापूरला जावं लागतं. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४ ते १९४६ या काळात उत्खननं झाली. आधी राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदनगार यांनी आणि मग डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांनी ती केली. सातवाहनकालीन वस्तीत ब्राँझच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला. त्यातल्या बऱ्याच वस्तू इथल्याच आहेत. हत्तीवर बसलेली माणसंही त्यांत आहेत. आणि त्यांच्यातच रोमन बनावटीच्या काही आहेत: सुबक मुठीची सुरई, आरसा आणि ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची तळहातावर मावेल एवढी मूर्ती. टाऊन हॉलमधल्या संग्रहालयामुळे हा साठा कोल्हापूरकरांच्या परिचयाचा आहे.

अशा सुरया दक्षिण इटलीतल्या कांपानिया भागातल्या कारखान्यांत बनत. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या आसपासचा हा मुलूख ब्राँझच्या भांड्यांसाठी नावाजलेला होता. तिथल्या कारागिरांचे शिक्के असलेली भांडी स्कॉटलंडपासून डेन्मार्कपर्यंत सापडली आहेत. म्हणजे एकाच मुलखातली भांडी रोमच्या उत्तर सरहद्दीपलीकडे गेली आणि दख्खनच्या पठारावरही आली.

दोन्हीकडे त्यांचं पुढं जे झालं, ते मात्र वेगळं आहे. उत्तर ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलांडा नावाची लष्करी छावणी होती. तिथल्या ओल्या मातीत टिकलेल्या लाकडी पातळ पट्ट्यांवर इसवी सन १००च्या आसपासचे हिशेब आणि पत्रं मिळाली आहेत. एका पट्टीवर घरातल्या ताटवाट्यांची यादी आहे, त्यात अंड्यांसाठीच्या वाट्याही आहेत. दुसरीवर एका शिपायाच्या नावावर मिरीचे पैसे मांडलेले आहेत. मलबारची मिरी इंग्लंडच्या थंडीत पोचली होती, कारण तिथं पगारी सैन्य होतं, रस्ते होते, कोठारं होती. सैन्याच्या मागोमाग लाल चकाकीची ताटं आली, हमामखाने आले, आणि दोन-तीन पिढ्यांत स्थानिक सरदारांची घरं रोमन धाटणीची झाली.

तापीच्या खोऱ्यात छावणी नव्हती. दख्खनच्या श्रीमंतांनी सुरई घेतली, पण रोमन घर बांधलं नाही. पोसायडन घेतला, पण त्याचं देऊळ उभारलं नाही. नाशिक, कार्ले, जुन्नर इथं तर उलट यवनांनीच, म्हणजे ग्रीकांनीच, बौद्ध लेण्यांना दानं दिली आहेत. नाशिकचा इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा यवन त्यांतला ठळक. परका माणूस इथल्या धर्मात सामावला आणि परकी वस्तू इथल्या घरात.

नक्कल आणि दुरुस्ती

परकी वस्तू आवडली की इथला कारागीर ती आपल्या मातीत करून पाहत असे. तेरला रोमन घाटाचे मातीचे दिवे मिळाले आहेत. रोमन नाण्यांची मातीत उठवलेली प्रतिरूपं मिळाली आहेत. त्यांना भोक असे, ती गळ्यात घालत. सम्राट तिबेरियसचं डोकं दख्खनमधल्या एखाद्या बाईच्या गळ्यात, तेही भाजलेल्या मातीचं: चैनीच्या वस्तूची ही सगळ्यात लोकशाही अवस्था म्हणावी लागेल. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह आज त्यांच्या नावानं शासकीय संग्रहालयात आहे. या सगळ्याचा अभ्यास त्यांच्याशिवाय पांगळा राहिला असता.

जुन्या समजुती दुरुस्तही झाल्या आहेत आणि ते सांगायलाच हवं. गुजरातपासून प्रकाशापर्यंत मिळणारी गुळगुळीत लाल खापरं एकेकाळी रोमन भांड्यांची नक्कल मानली जात. आता ती पश्चिम भारताची स्वतःची परंपरा समजली जाते. पश्चिम भारतातल्या अनेक ठिकाणांहून ‘रोमन दारूचे रांजण’ म्हणून नोंदवलेल्या खापरांचा पुरातत्त्वज्ञ रॉबर्टा टोंबर यांनी नव्यानं तपास केला. त्यातली बरीच मेसोपोटेमियातल्या, आतून डांबराचा लेप दिलेल्या निमुळत्या रांजणांची निघाली. रोमचा वाटा त्यामुळे कमी झाला आणि इराणच्या आखाताचा वाढला. मला यात खानदेशाचा तोटा दिसत नाही. उलट ही वाट एका साम्राज्याच्या कृपेवर चालत नव्हती, हेच अधिक पक्कं झालं.

उलट्या दिशेचा माल

आता पाहू इथून तिकडं गेलेली चैन. ती आलेल्या चैनीपेक्षा मोठी होती. रोमन लेखक थोरला प्लिनी तक्रार करतो की, भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. पेरिप्लसच्या यादीप्रमाणे भरूचहून बाहेर पडत होते हस्तिदंत, अकीक, गुग्गुळ, सुती कापड, सूत आणि लांब पिंपळी. लांब पिंपळीचा रोममधला भाव प्लिनीनं दिला आहे: पौंडाला १५ दिनार. काळी मिरी त्याच वजनाला ४ दिनार होती.

दगडांचं वेड तर अफाट होतं. ‘मुर्हीन’ नावाच्या रंगीत दगडाची पात्रं रोममध्ये अमूल्य मानत. भरूचहून निघणाऱ्या मालात तोही दगड पेरिप्लसमध्ये नोंदलेला आहे. पेट्रोनियस या रसिक सरदारानं मरण्यापूर्वी तीन लाख सेस्टर्सची मुर्हीन पळी फोडून टाकली, ती सम्राट नीरोच्या हाती लागू नये म्हणून. आणि नीरोनं एका पात्रासाठी दहा लाख मोजले, असं प्लिनी सांगतो. पैठणहून गाडीत भरला जाणारा अकीक दख्खनच्या बसाल्टच्या पोकळ्यांत तयार होतो. तोच काळा दगड धुळे-जळगावच्या पायाखाली आहे आणि नदीच्या वाळूत त्यातल्या गारगोट्या शेकड्यांनी दिसतात.

कापसाचंही तसंच. तांबड्या समुद्राकाठी इजिप्तमध्ये बेरेनिके हे बंदर होतं. तिथल्या कोरड्या वाळूत भारतीय सुती कापडाचे तुकडे टिकून राहिले आहेत. इजिप्तमधलं सूत ज्या दिशेला पिळलेलं असे, त्याच्या उलट दिशेचा पीळ या धाग्यांना आहे. त्यावरून ते ओळखता येतात. कातणाऱ्या बाईचा हात कुठल्या बाजूला वळत होता, हे दोन हजार वर्षांनी कळावं, याहून मोठी दाद त्या हाताला काय मिळणार?

सगळ्यात बोलकी वस्तू मात्र हस्तिदंताची आहे. १९३८ साली पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना पाँपेईतल्या एका घरात लाकडी पेटीत ठेवलेली एक भारतीय हस्तिदंती बाई मिळाली. उंची पाव मीटरच्या आसपास. अंगभर दागिने आणि दोन्ही बाजूंना छोट्या दासी. डोक्यातून आरपार भोक आहे, म्हणजे ती एखाद्या चौरंगासारख्या फर्निचरचा पाय किंवा आरशाची मूठ असावी. शोभेची मूर्ती म्हणून ती घडवली नव्हती. ती घरात वापरायच्या वस्तूचा भाग होती. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत ती गाडली गेली. भारताकडे जाणाऱ्या पैशाबद्दल तक्रार करणारा प्लिनीही त्याच उद्रेकात मेला.

ही बाई कुठली? बुडाशी एक खरोष्ठी अक्षर असल्यामुळे काहींनी वायव्य भारताकडे बोट दाखवलं. पण तिच्याशी अगदी जवळचं नातं सांगणारे दोन तुकडे महाराष्ट्रात आहेत. एक तेरचा आणि दुसरा भोकरदनचा. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या दानलेखांत या गावचे दाते आहेत. शां. भा. देव आणि र. श. गुप्ते यांनी १९७३ साली तिथं उत्खनन केलं. जळगावहून अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की भोकरदनचा मुलूख लागतो. पाँपेईची ती बाई दख्खनच्या कारागिरांच्या हातची असावी, या मताला त्या तुकड्यामुळे चांगलाच आधार मिळाला आहे. तसं असेल तर रोमन श्रीमंताच्या दालनात जी चैनीची वस्तू उभी होती, ती आपल्या शेजारच्या तालुक्यातल्या करवतीखालून निघालेली होती. तेव्हाच्या व्यापारात रोम भोकरदनसाठी एक दूरचं गिऱ्हाईक होतं. सरहद्द कुणाची, हे कुठं उभं राहून पाहतो यावर ठरतं.

पांढरीची माती

मग प्रश्न उरतो की, वाट खानदेशातून जात असताना कोल्हापूर, तेर, भोकरदनसारखा ऐवज खानदेशात का नाही? एक कारण साधं आहे. वाटेवरच्या मुलखात माल थांबत नाही, पुढं जातो. दुसरं कारण खोदण्याच्या पद्धतीत आहे. पन्नाशीच्या दशकात प्रकाशा, बहाळ इथं खोल आणि अरुंद खड्डे घेतले गेले. वस्तीचे थर कोणत्या क्रमानं साचले, हा त्या पिढीपुढचा प्रश्न होता आणि त्यांनी तो उत्तम सोडवला. पण घर, अंगण, दुकान, कोठार दिसायचं तर टेकाड आडवं उघडावं लागतं. सातवाहनांचा खानदेश अजून आडवा उघडलेला नाही.

तिसरं कारण आपल्या हातातलं आहे आणि तेच मला जास्त छळतं. तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या काठच्या जुन्या गावांच्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेतात टाकत आले. राख, शेण, हाडं मिसळलेली ती माती पिकाला मानवते, म्हणून त्यात गैर कुणाला वाटलं नाही. पूर्वी ती बैलगाडीतून जाई. मग टेकाड झिजायला शतकं लागत. आता जेसीबी आणि डंपर आले. दोन हजार वर्षांची वस्ती आठवड्यात सपाट होते. खापरं, मणी, बांगड्यांचे तुकडे मातीबरोबर रानात पसरतात आणि थरातून निघालेल्या वस्तूचं बोलणं संपतं. सुरईची मूठ शेतात सापडली तर ती भंगारात जाते. थरात सापडली तर ती काळ, घर आणि गिऱ्हाईक सांगते.

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपल्या हद्दीतल्या पांढरीची सीमा गावनकाशावर दाखवावी आणि तिथून माती उचलायला मनाई करावी. जळगावच्या विद्यापीठानं आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडून नदीकाठची टेकाडं मोजून घ्यावीत. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ कागदपत्रांसाठी ज्या निष्ठेनं उभं राहिलं, तशीच निष्ठा खापरांच्या वाट्याला यावी; वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून दप्तरं वाचवली, ती याच मुलखात देह ठेवण्यापूर्वी. जळगावचा सराफ बाजार आज सोन्याच्या शुद्धतेसाठी देशभर ओळखला जातो. कण्हदास सोनाराचं नाव जिथं दगडावर टिकलं, त्या पितळखोऱ्याच्या जतनात या बाजारानं वाटा उचलला तर ते आपल्याच धंद्याच्या पूर्वजाचं ऋण फेडणं ठरेल.

रोमची चैन इथं आली, इथल्या माणसांनी ती निवडून घेतली, आपल्या हातानं तिची रूपं केली आणि त्याहून सरस माल परत पाठवला. हे सांगणारा पुरावा आपल्या गावांच्या पांढरीत आहे. या दिवाळीनंतर रानं मोकळी होतील, डंपर पुन्हा टेकाडाशी लागतील. त्याआधी गावसभेत हा विषय निघाला पाहिजे आणि तो काढण्याची जबाबदारी हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक खानदेशी माणसाची आहे.